‘समस्याप्रधान’ या शिक्क्यापलीकडे : ‘झाडाझडती’, ‘रिंगाण’ आणि ‘बारोमास’ यांचे वाचन

समकालीन मराठी कादंबरीविषयीच्या महाविद्यालयीन लेखनाची एक ठरावीक रीत झाली आहे. कादंबरी हाती आली की प्रथम तिची समस्या निश्चित केली जाते. ती धरणग्रस्तांची असते, शेतकऱ्यांची असते किंवा सुशिक्षित बेकारांची असते. त्यानंतर सामाजिक पार्श्वभूमी, कथानकाचा सारांश, व्यक्तिचित्रणे, भाषाशैली आणि शेवटी निष्कर्ष असा क्रम लागतो. अध्यापनाच्या दृष्टीने ही रीत सोयीची आहे, हे मान्य केले पाहिजे. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात कोठून तरी आरंभ करावाच लागतो. तथापि अशा लेखनात एका गोष्टीची नोंद सहसा होत नाही. कादंबरी मिटल्यावर वाचकाच्या मनात नेमके काय उरले, हा प्रश्न वैयक्तिक म्हणून बाजूला सारला जातो. वास्तविक पाहता समीक्षेची पहिली सामग्री हीच असते. मनावर उमटलेला ठसा आणि कादंबरीला लावलेला शिक्का यांत जेथे अंतर पडते, तेथेच कादंबरी आपले काम करीत असते.

प्रस्तुत लेखात या अंतराचा विचार तीन कादंबऱ्यांच्या आधारे करावयाचा आहे. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१), सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ या त्या कादंबऱ्या होत. तिन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले आहेत. ‘झाडाझडती’ला १९९२चा, ‘बारोमास’ला २००४चा आणि ‘रिंगाण’ला २०२३चा. त्यामुळे त्यांची साहित्यिक गुणवत्ता नव्याने सिद्ध करण्याचे कारण नाही. त्या कशा वाचल्या जातात, हा येथील प्रश्न आहे.

‘झाडाझडती’ आणि ‘रिंगाण’ या दोन्ही कादंबऱ्यांवर ‘धरणग्रस्तांच्या जीवनावरील कादंबरी’ असा एकच शिक्का सहज बसतो. प्रत्यक्षात त्या एकापाठोपाठ वाचणाऱ्या वाचकाला आपण दोन निराळ्या प्रदेशांतून फिरून आलो असे वाटते. ‘झाडाझडती’चा पट विस्तीर्ण आहे. जांभळी हे गाव, तेथील खैरमोडे गुरुजी, धरणाखाली जाणारी जमीन, पुनर्वसनाच्या नावाखाली चालणारी लूट, कचेऱ्यांतील हेलपाटे, पुढारी, अधिकारी आणि दलाल हे सारे त्यात येते. लेखक स्वतः प्रशासकीय सेवेत होते, त्यामुळे कागद कोठे अडतो आणि का अडतो, याचे त्यांना असलेले ज्ञान पानोपानी जाणवते. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये नवे कायदे आले. कायद्याचा शब्द आणि धरणग्रस्ताच्या हाती पडणारी जमीन यांतील दरी या कादंबरीइतकी ठळकपणे मराठीत क्वचितच दाखविली गेली असेल. वाचकाच्या मनात उरतो तो संताप. त्या संतापाला दिशा आहे, कारण दोषी कोण हे कादंबरी नि:संदिग्धपणे सांगते. काही ठिकाणी ती हे जरा अधिकच सांगते. दुष्टांच्या दुष्टपणाला नाट्यमय रंग चढतो आणि वाचकाने स्वतः शोधावे असे फारसे शिल्लक राहत नाही.

‘रिंगाण’मध्ये संतापाला अशी सोपी वाट मिळत नाही. गाव उठून गेले आहे. देवाप्पाची म्हैस मात्र जुन्या मुलखातच राहिली आहे आणि तिला आणण्यासाठी तो मागे जातो. कथानक म्हणून सांगावयाचे तर एवढेच. पण मधल्या काळात म्हैस माणसाची उरलेली नाही. दावे, गोठा, धार, हाक यांनी बांधलेले नाते सुटले आहे आणि ती रानाची झाली आहे. देवाप्पाला ओळखीची म्हैस हवी आहे. समोर उभे आहे ते शिंगे रोखलेले जनावर. या दोघांमधील झुंज कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. ‘रिंगाण’ या शब्दात वर्तुळाचा अर्थ आहे आणि त्या वर्तुळात कोण कोणाला घेरतो आहे, हे वाचताना सतत बदलत राहते.

येथे धरणग्रस्तांची समस्या कोठे आहे, असा प्रश्न शिक्का घेऊन बसलेल्या अभ्यासकाला पडू शकतो. ती सर्वत्र आहे, पण मुद्द्याच्या रूपात नाही. विस्थापन म्हणजे जमिनीच्या बदल्यात जमीन मिळणे किंवा न मिळणे, एवढाच अर्थ आपल्या चर्चेत रूढ झाला आहे. ‘रिंगाण’ वाचताना लक्षात येते की जनावराने माणसाला ओळखणे हीसुद्धा एक मालमत्ता होती आणि तिची नोंद कोणत्याही पंचनाम्यात झाली नाही. म्हैस रानटी झाली, हे एक वेळ समजण्यासारखे आहे. अस्वस्थ करते ते निराळेच. तिच्यावर मात करावयाची तर देवाप्पालाही तिच्यासारखे व्हावे लागणार, याची चाहूल वाचकाला लागते. माणूस स्वत:ला जनावरापासून वेगळे मानतो तो ज्या आधारांवर, ते घर, वाट, शेजार हे सारे गावाबरोबर गेलेले आहे. ‘झाडाझडती’तील माणसे लुबाडली जातात, पण माणसेच राहतात. ‘रिंगाण’ त्यापुढचा प्रश्न विचारते आणि त्याचे उत्तर देत नाही.

या कादंबरीची भाषा कोल्हापूर-पन्हाळा परिसराची आहे. बोलीच्या वापराबद्दल तिचे कौतुक करताना एक सावधगिरी बाळगणे आवश्यक वाटते. बोलीतून निवेदन करण्याचा प्रयोग मराठीला नवा नाही. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त (१९७१) शिंपीकाम करणाऱ्या गंगारामची पत्नी पार्वती मराठवाड्याच्या बोलीतून सारी कहाणी सांगते आणि आज पन्नासहून अधिक वर्षांनंतरही तो आवाज शिळा झालेला नाही. ‘रिंगाण’ची नवता बोलीत शोधण्यापेक्षा, बोलण्यासारखे माणूस समोर नसताना ती बोली काय करते यात शोधावी. देवाप्पा जनावराशी बोलतो, झाडांशी बोलतो, स्वत:शी बोलतो. संवाद उरलेला नाही, तरी भाषा उरली आहे. अर्थात काही प्रसंगांत झुंजीची आवृत्ती होते आणि वाचक थकतो, हेही नमूद केले पाहिजे. हा थकवा लेखकाला अभिप्रेत आहे असा बचाव करता येईल. तो पूर्णतः पटत नाही.

‘बारोमास’चा विचार या नंतर करण्याचे कारण असे की तिच्या संदर्भात शिक्क्याचा प्रश्न प्राध्यापकवर्गाच्या दारापर्यंत येतो. विदर्भातील शेतकऱ्याची दु:स्थिती हा तिचा विषय म्हणून सांगितला जातो आणि तो चुकीचा नाही. सांजोळ गावातील तनपुरे कुटुंबाची कोरडवाहू शेती, सुभानरावांची आतल्या आत होणारी घुसमट, शेवंतामायचा संताप, धाकट्या मधूला लागलेला गुप्तधनाचा ध्यास, या सर्वांतून शेतीच्या अर्थकारणाचे चित्र उभे राहते. मधू जमीन खोदतो तो सोन्यासाठी; त्याच जमिनीने पिकाच्या रूपाने काही दिले नाही, म्हणून. या विपर्यासावर लेखक फारसे भाष्य करीत नाहीत, हे विशेष.

परंतु कादंबरीचा नायक एकनाथ केवळ शेतकरी नाही. तो एम. ए., बी. एड. आहे. शिक्षकाची नोकरी मिळवावयाची तर पैसे मोजावे लागतात आणि ते त्याच्याकडे नाहीत. म्हणजे हा नायक कोणत्या तरी महाविद्यालयाच्या वर्गात पाच-सहा वर्षे बसलेला, टिपणे उतरवून घेतलेला, कदाचित ‘ग्रामीण कादंबरीतील समस्या’ या प्रश्नाचे उत्तर लिहून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आहे. नोकरीसाठी मोजाव्या लागणाऱ्या पैशांचा उल्लेख ‘बारोमास’वरील लेखांत ‘सुशिक्षित बेकारी’ या उपशीर्षकाखाली एका वाक्यात उरकला जातो. नापिकी आणि कर्जबाजारीपणा यांवर मात्र पाने खर्ची पडतात. दुष्काळ निसर्गाचा आणि बाजारभाव सरकारचा. त्यांच्याविषयी लिहिताना लिहिणाऱ्याला काही लागत नाही. शिक्षणाच्या व्यवहाराविषयी लिहावयाचे तर ज्या इमारतीत बसून लिहावयाचे, तिच्याकडे पाहावे लागते. एकनाथ बांधावर उभा असताना त्याची पदवी त्याच्या कोणत्याच उपयोगाची नाही, एवढेच असते तरी ते सोसता आले असते. पदवीमुळे त्याला नांगर धरण्याचीही लाज शिकविली गेली आहे, हा कादंबरीचा खरा घाव आहे.

हा धागा पुढच्या लेखनातही दिसतो. किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’मध्ये (साहित्य अकादमी पुरस्कार २०२१) खेड्यातून शहरात शिकावयास आलेल्या मुलाचे अवघडलेपण येते, पण तेथे विनोदाची एक तिरकी छटा आहे, जी एकनाथच्या वाट्याला आलेली नाही. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’मधील कथांत (साहित्य अकादमी पुरस्कार २०१६) गावातील सत्तेचे व्यवहार अधिक कोरडेपणाने आणि म्हणून अधिक नेमके येतात. या दोन्ही पुस्तकांचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

‘बारोमास’च्या संदर्भात अलकेचा प्रश्न उरतो. एकनाथची ही पत्नी पती नोकरदार होईल या भरवशावर सांजोळला आलेली आहे आणि ती आशा मावळल्यावर ती माहेरी निघून जाते. पहिल्या वाचनात वाचकाची सहानुभूती एकनाथकडे जाते आणि अलका हटवादी, सुखलोलुप वाटते. कादंबरीचे निवेदनही बऱ्याच अंशी त्याच बाजूला कललेले आहे. दुसऱ्या वाचनात मात्र हा कल बोचू लागतो. शेण, धूर, सासूचे टोमणे आणि पतीचे मौन यांत दिवस काढणाऱ्या या स्त्रीला त्या घरात स्वत:चे म्हणावे असे काहीच नाही. तनपुऱ्यांची जमीन बुडते आहे याचे दु:ख तिच्याकडून अपेक्षिले जाते. त्या जमिनीत तिचा वाटा किती, हे मात्र कोणी विचारीत नाही. सुभानरावांच्या घुसमटीला लेखक जेवढी पाने देतात, त्यांच्या निम्मी जरी अलकेच्या मनाला मिळाली असती, तरी ती घर सोडते तो प्रसंग वेगळा वाचला गेला असता.