शृंगाराची बोली आणि देहाचा पंचनामा

मराठी गाण्यांतील शृंगाराने ताळतंत्र सोडले, ही फिर्याद त्या शृंगाराहून फारशी तरुण नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने आमच्या पापडीच्या शेजारी, वसईत, इंग्रजांशी तह करून दौलतीचे स्वातंत्र्य तारण ठेवले. आणि या नादारीची कारणे शोधू पाहणाऱ्या सदाचारी मंडळींनी, त्याच पेशव्याकडून होनाजी बाळासारख्या शाहिरांना मिळालेला आश्रयही आरोपांच्या यादीत दाखल करून घेतला. वस्तुतः यशवंतराव होळकराने पुण्याच्या वेशीवर पेशव्याच्या फौजेचा धुव्वा उडवला, त्या पराभवाशी ढोलकीचा सुतराम संबंध नव्हता. पण राज्य बुडाले की गाण्याला आणि गाणाऱ्या बाईला धारेवर धरणे नेहमीच स्वस्त पडते. आज हळदीच्या रात्री पापडीच्या गल्ल्यांत स्पीकरच्या भिंती दणाणू लागल्या, की वडीलधारी माणसे जी कुरकुर करतात तिचा सूरही तोच असतो: पूर्वी असे नव्हते.

पूर्वी असेच होते, किंबहुना अधिक होते. याच तालुक्यातील सोपारा हे सातवाहनांच्या काळी शूर्पारक नावाने गाजलेले बंदर. आणि त्या घराण्यातील हाल राजाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा असा संग्रह, की ज्यात सासूच्या देखत वाटसरूला रात्रीच्या निजेची जागा सूचकपणे समजावून देणारी सून सुखेनैव नांदते. पापडीच्या कॅथेड्रलात वाचल्या जाणाऱ्या पवित्र शास्त्रातही 'गीतरत्न' आहेच, आणि त्यातील तरुणी रात्री नगराच्या रस्त्यांतून प्रियकराला शोधीत पहारेकऱ्यांनाच त्याचा ठावठिकाणा विचारते. दोन्ही ठिकाणी वासना आहे, पण ती कोणाला तरी उद्देशून बोलते, आणि बोलणारी बहुधा स्त्री आहे. माझ्या मते शृंगारगीताची परीक्षा वासनेच्या प्रमाणावरून करूच नये. बोलते कोण, कोणाशी, आणि ज्याच्याशी बोलते त्याला उत्तर देण्यास जागा ठेवली आहे काय, हे पाहावे.

लावणी या परीक्षेस उतरते, कारण तिचे सारे कसब संबोधनात आहे. राम जोशी, होनाजी, परशराम, सगनभाऊ यांच्या रचनांतील नायिका रुसते, उणेदुणे काढते, सवतीचा हिशेब मागते. तिची कामना हे एक चाललेले भांडण असते, आणि भांडणाला दुसरा पक्ष लागतोच. बैठकीच्या लावणीत तर हे उघड दिसते. गाणारी बसलेली असते. एकच ओळ ती पुनःपुन्हा घेते, आणि दर वेळी अर्थ पालटतो: एकदा भुवई उचलून, एकदा पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत, एकदा नुसती थांबून. यमुनाबाई वाईकरांची ही अदाकारी उतारवयातही तेजाळ राहिली, कारण तिथे आकर्षण देहाचे नसून विलंबाचे होते. सुलोचना चव्हाण यांनी डोक्यावरून पदर घेऊन, ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून, केवळ गळ्याच्या बळावर चित्रपटातील लावणी घरोघरी नेली आणि आचार्य अत्र्यांकडून 'लावणीसम्राज्ञी' ही पदवी मिळविली, त्यातले मर्मही हेच.

मात्र या गतवैभवाचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. लावणीतील स्त्रीचे मन बहुशः पुरुषांनी लिहिले, आणि ते गाण्याची किंमत ज्या कोल्हाटी, महार, डोंबारी स्त्रियांनी मोजली त्यांना प्रतिष्ठेचा वाटा मिळाला नाही. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) कुलकर्णीपणाचे वतन सोडून तमाशात गेले ही त्यागाची कथा म्हणून सांगितली जाते. ज्या पवळाबाईच्या गळ्यामुळे आणि रूपामुळे त्यांचा फड गाजला तिच्या वाट्याला तसे चरित्र येत नाही. तेव्हा बोलण्याचा हक्क लावणीने स्त्रीला दिला खरा, पण तो कुळाच्या हक्कासारखा, मालकाच्या मर्जीवर.

चित्रपटाने या हक्काचे काय केले? 'सांगत्ये ऐका' (१९५९) ते 'पिंजरा' (१९७२) या काळात माडगूळकर, खेबुडकर यांच्या शब्दांनी लावणीचे संबोधन बव्हंशी शाबूत ठेवले. दादा कोंडक्यांच्या द्व्यर्थी गाण्यांवर अश्लीलतेचा ठपका आला. पण द्व्यर्थ ऐकणाऱ्याला निदान अर्धे काम करावयास लावतो. सुरेश भटांचे शब्द आशा भोसल्यांच्या कंठातून आले तेव्हा तर मध्यमवर्गीय घरातील स्त्रीची कामना, ढोलकीचा आधार न घेता, आपल्या नावाने बोलू लागली. 'नटरंग'ने (२०१०) लावणीला नवे प्रेक्षक मिळवून दिले, परंतु भव्यतेच्या हव्यासात विलंब संपला, आणि कॅमेरा गाणारीच्या चेहऱ्यावर क्षणभरही ठरेनासा झाला.

त्यानंतर जे आले ते माझ्या लेखी खरे दुखणे आहे. हळदीसाठी म्हणून आज जी गाणी तयार होतात त्यांतील पुष्कळशी शृंगाराची नसून मोजणीची आहेत: कंबर अशी, नजर तशी, चाल कशी, साडी कोणत्या रंगाची. पंचांनी जप्तीच्या मालाची यादी करावी तसा हा देहाचा पंचनामा असतो. मालाला जसे कोणी काही विचारत नाही, तसे इथे तिलाही कोणी विचारत नाही. त्यात वासना फार आहे हा आक्षेप मला पटत नाही. वासना फार थोडी आहे. मालकी फार आहे.

लग्नघरात चावट गाण्यांना मज्जाव कधीच नव्हता. ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नात उंबराचे पाणी आणायला बँडच्या मागून निघालेल्या बायका असोत, की हिंदू घरात हळद लावणाऱ्या काकू-मावश्या, विहिणीची आणि नवरदेवाची यथेच्छ टर उडविणारी गाणी त्या म्हणत, आणि पलीकडच्या पक्षाच्या बायका लगेच उलट टोला हाणीत. त्या चावटपणाला नात्याची हद्द होती आणि जबाबाची सोय होती. स्पीकरने दोन्ही काढून घेतल्या: मांडवातले गाणे सबंध आळीवर लादले गेले, आणि ज्यांनी उत्तर द्यायचे त्या बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर श्रोत्या होऊन बसल्या.

म्हणून रात्री दहानंतर स्पीकर बंद ठेवण्याचा नियम पाळला म्हणजे प्रश्न मिटला, किंवा अमुक गाण्यांवर बंदी घातली म्हणजे संस्कृती वाचली, असे समजणाऱ्या मंडळींशी माझा मतभेद आहे. आवाज कमी केल्याने शेजाऱ्यांची झोप वाचेल, गाणे सुधारणार नाही. गाणे सुधारू शकते याचा पुरावा मात्र हाताशी आहे: 'सैराट'मध्ये (२०१६) मुलाच्या बेभान नाचाइतकीच नायिका आर्चीची ओढही, श्रेया घोषाल यांच्या आवाजात, स्वतंत्र गाणे घेऊन आली, आणि लोकांनी दोन्ही डोक्यावर घेतली. तमाशाने तर सवाल-जवाबाचा सबंध प्रकारच आपल्याला वारशात दिलेला आहे. आजच्या गीतकाराने तो वारसा वापरावा. पुरुषाने दोन कडव्यांत काय हवे ते खुशाल मागावे, पण तिसरे कडवे तिचे असावे, आणि त्यात होकाराइतकाच नकारही तालात बसला पाहिजे.