राऊळांच्या लग्नाचे धवळे

महदंबेच्या धवळ्यांना मराठीतील आद्य स्त्रीकाव्य म्हटले, की आपली समीक्षा कर्तव्य उरकल्याच्या समाधानाने पुढे जाते. पण हे धवळे कोणत्या लग्नात गायिले गेले, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे मर्म हाती येत नाही.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपुरास गोविंदप्रभूंना लग्न करावेसे वाटले. हा पुरुष लौकिक दृष्टीने वेडाच! मुलांत खेळावे, मातंगांच्या घरी शिरावे, शिवाशीव मानू नये, असे त्यांचे वागणे. भक्तांनी ती लहर झेलली आणि लग्नाचा खेळ मांडला. त्या प्रसंगी महदंबेने रुक्मिणीस्वयंवर गायिले.

म्हणजे गाण्यातला नवरदेव द्वारकेचा राजा, आणि समोरचा नवरदेव हा अकिंचन अवलिया. गाण्यातली नवरी कौंडिण्यपूरची, रिद्धपुराच्याच मुलखातली राजकन्या. समोर मात्र संसाराचा मागमूसही नाही. मंगलगीते गाणारी महदंबा स्वतः बालविधवा. ज्या बाईला मंगलकार्यात दूर उभे राहावे लागावे, तिच्याच मुखाने येथे राजाचे लग्न लागते.

राजवैभवाची प्रतीके इतरत्र कशी येतात, हे पाहिले म्हणजे यातले वेगळेपण उमगते. फ्रान्सच्या पाचव्या चार्ल्सला १३६४ साली राज्याभिषेक झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने त्या विधीची सचित्र पोथी करवून घेतली. ती आज लंडनला आहे. पवित्र तेल, मुकुट, राजदंड, लिलीची सोनेरी फुले यांची चित्रे तेथे एकच गोष्ट ठसवतात : सत्ता ज्याची, चिन्हे त्याची. ती पोथी राजाज्ञेने झाली.

रिद्धपुरात आज्ञा देणारा राजा नव्हता. ‘राऊळ’ हा शब्द राजकुलावरून आला. गोविंदप्रभूंना लोक राऊळ म्हणत आणि त्यांच्या निवासाला राजमठ. राज्य नसलेल्याला हे राजपद दिले ते प्रेमाने, आणि प्रेमाने दिलेले पद कोणी हिरावून घेऊ शकत नाही. धवळ्यांतील रथ, सैन्य आणि वऱ्हाड हे त्याच प्रेमाचे अलंकार आहेत.

म्हणून हे काव्य केवळ पुराणकथेचे निवेदन म्हणून वाचणे अपुरे ठरते. समोर बसलेला तो नवरदेव डोळ्यांआड झाला, की उरते ते फक्त रुक्मिणीचे लग्न. महदंबेचे काव्य हरवते.