‘पेंटिंग’ हे काम की वस्तू?

अजिंठ्यावर इंग्रजीत लिहायचं म्हटलं की पहिली अडचण ‘पेंटिंग’ या शब्दाचीच. फर्दापूर तिठ्यावरून लेण्यांकडे जाणारे ‘पेंटिंग्ज’ बघायला जातात, म्हणजे चित्रं. पण ‘पेंटिंग द केव्ह’ म्हटलं की ते काम झालं, लेणं रंगवणं. शाळेतला ‘आयएनजी दिसलं की जेरंड’ हा नियम इथे निरुपयोगी आहे. त्यापेक्षा असं बघा: शब्दाला थेट कर्म जोडता येतं, क्रियाविशेषण चालतं? मग जेरंड. अनेकवचन होतं? मग नाम. ‘द पेंटिंग ऑफ द केव्ह’ हे मधलंच, अर्थ कामाचा आणि वागणूक नामाची. मराठीत तरी काय वेगळं आहे? ‘गाणे’ हे काम, ‘गाणी’ या वस्तू. ‘रंगवणे’चं अनेकवचन करून दाखवा बरं! (खुद्द ‘लेणे’ मात्र फसवं आहे. त्यातला ‘णे’ क्रियापदाचा नाही. तो शब्द संस्कृत ‘लयन’वरून आलाय.)

आता ग्रंथांची नावं बघू. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ साली ‘पेंटिंग्ज’ म्हटलं, लेडी हेरिंगहॅम यांच्या १९१५च्या ग्रंथावर ‘फ्रेस्कोज’ आलं. दुसरा शब्द भारदस्त, पण चुकीचा. खरा फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर रंगवतात. अजिंठ्याची चित्रं कोरड्या गिलाव्यावरची आहेत. नाम निवडता निवडता तंत्राबद्दलचा दावा होऊन बसला.

माझा मोठा आक्षेप मात्र ‘डिटेरिओरेशन ऑफ द पेंटिंग्ज’ या लाडक्या शब्दप्रयोगावर आहे. ग्रिफिथ्स यांच्या काळात नकला करताना चित्रं उठून दिसावीत म्हणून व्हार्निश लावलं गेलं. पुढे १९२०-२२मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचं लावलं. कालांतराने ते पिवळं, काळपट पडलं. हे सगळं ‘डिटेरिओरेशन’मध्ये कोंबलं की चित्रं आपोआपच बिघडली असं वाटतं. ‘व्हार्निशिंग द पेंटिंग्ज’ लिहा, वाचक लगेच विचारेल, कुणी? जेरंडलाही कर्ता सांगायची सक्ती नसते हे खरं, पण त्याची रिकामी जागा डोळ्यांना खटकते.

‘नामं वापरा, लिखाण शास्त्रीय वाटतं’ हा सल्ला पीएचडीवाल्यांना उठता-बसता मिळतो. ओल आणि वटवाघळांबद्दल लिहिताना तो खुशाल पाळा. व्हार्निशबद्दल लिहिताना जेरंड घ्या, आणि माहीत असेल तिथे लावणाऱ्याचं नावही.