निम्मे तास पुतळ्याजवळ?

नर्सिंगच्या शिक्षणात बाहुली नवी नाही. अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयासाठी १९११ मध्ये ‘मिसेस चेस’ ही माणसाएवढी बाहुली तयार झाली. रुग्णाला कुशीवर कसं वळवावं, हे मुली तिच्यावर शिकत. आजच्या पुतळ्यांना नाडी असते, छातीचे ठोके ऐकू येतात, रक्तदाब उतरवता येतो. अशा पुतळ्यावर खऱ्यासारखा प्रसंग उभा करून शिकवणं, म्हणजे सिम्युलेशन.

मग खऱ्या रुग्णाजवळचे तास त्यासाठी कमी केले तर चालेल का? अमेरिकेतल्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने यावर केलेला मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा संस्थांमधल्या विद्यार्थ्यांचे कोणतीही निवड न करता तीन गट पाडले. पहिल्या गटाला सिम्युलेशन फार तर १० टक्के तास, दुसऱ्याला २५ टक्के, तिसऱ्याला ५० टक्के. शेवटपर्यंत ६६६ विद्यार्थी राहिले. परवाना परीक्षेत आणि नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत वरिष्ठांनी दिलेल्या गुणांत लक्षणीय फरक आढळला नाही.

अभ्यासाची ही आखणी आम्हाला पटते. खटकतं ते त्याचं सोयीस्कर वाचन: ‘निम्मे तास पुतळ्यावर भागतात.’ या अभ्यासात शिक्षकांना आधी खास प्रशिक्षण दिलं होतं. प्रत्येक प्रसंगानंतर शिक्षक विद्यार्थ्यांशी चर्चा करत: तुला काय दिसलं? काय ठरवलंस? का? हे सगळं वगळून नुसता पुतळा आणला, तर अभ्यासाचा निष्कर्ष तिथे लागू होत नाही.

दुसरं, इथे मोजले परीक्षेचे आणि वरिष्ठांनी दिलेले गुण. रुग्णांना प्रत्यक्ष काय फरक पडला, ते मोजलेलं नाही. शिवाय पहिल्या गटालाही थोडं सिम्युलेशन होतंच.

सिम्युलेशनची जमेची बाजू मोठी आहे. वॉर्डात एखाद्या मुलीसमोर हृदय बंद पडलेला रुग्ण वर्षभरात येणारही नाही. पुतळ्यावर तो प्रसंग प्रत्येकीला देता येतो, आणि तिथली चूक कुणाच्या जिवावर बेतत नाही. पण दुखत असूनही ‘काही नाही हो’ म्हणणारा म्हातारा वॉर्डातच भेटतो.

शाळेच्या प्रयोगशाळेतही हेच घडतं. प्रयोग उरकला, निरीक्षणं वहीत उतरली, पण ‘असं का झालं?’ हे विचारायला तास उरला नाही, तर उपकरण कितीही महागाचं असो, शिकणं अर्धंच राहतं. म्हणून पुतळा घेऊ पाहणाऱ्या संस्थेला आम्ही किंमत नंतर विचारू. आधी विचारू, चर्चेसाठी वेळापत्रकात किती मिनिटं ठेवली आहेत?