पाणी स्वच्छ, पण नदी बरी आहे का?

पोशेऱ्यात नदीवर बोलायचं म्हणजे वैतरणा-पिंजाळवरच बोलायचं. मोडकसागर १९५७ चं, मध्य वैतरणा २०१४ चं. दोन्ही धरणं मुंबईची तहान भागवतात. गारगाई आणि पिंजाळ प्रकल्पांची आखणीही मुंबईसाठीच आहे. अशा वेळी नदीची तब्येत कशावरून ठरवायची, हा प्रश्न नुसता विज्ञानाचा राहत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचा पट्टा प्रदूषित ठरवतं ते बीओडीवरून. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेला, की प्रदूषित. सांडपाणी पकडायला हे माप चांगलंच आहे. माझी तक्रार अशी, की धरणाखालचं कोरडं पात्र त्याला दिसत नाही. पाणीच नसेल तर नमुना कशाचा घेणार?

युरोपीय संघाने २००० साली पाण्यासाठी जो निर्देश काढला, त्यात मासे, पाण्यातले किडे, वनस्पती यांवरूनही नदीची स्थिती ठरते. तुमच्याकडे तर वलगण आहे. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओहोळांतून वर चढतात. ते चढले, म्हणजे वाट मोकळी आहे आणि पाणी वेळेवर आलंय.

पण सावध राहू या. वलगण घटली, एवढ्यावरून धरण दोषी ठरत नाही. पाऊस लांबला असेल, कुणी विष टाकून मासे मारले असतील. निर्देशक 'बिघडलंय' एवढंच सांगतो. 'कशामुळे' ते शोधावं लागतं आणि 'काय करावं' ते आपल्याला ठरवावं लागतं. 'आहे'वरून 'असावं' आपोआप निघत नाही, हे ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवलंय.

म्हणून माझी टीका निर्देशकांवर नाही, ते निर्णयाला न जोडण्यावर आहे. गंगेच्या वरच्या टप्प्यात नोव्हेंबर ते मार्च प्रवाहाच्या २० टक्के पाणी वाहतं ठेवायचं, असं २०१८ च्या अधिसूचनेने बंधनकारक केलं. २० टक्के पुरे की अपुरे, यावर खुशाल भांडा. पण तिथे आकड्यामागे आदेश आहे. वैतरणेसाठीही आधीच लिहून ठेवा: वलगण सलग किती वर्षं घटली तर चौकशी, आणि कारण धरण निघालं तर पाणी किती सोडायचं. हे ठरवताना उन्हाळ्यात हंडा घेऊन वणवणणारी बाई त्या बैठकीत हवी. नाहीतर आपण मासे मोजत बसू, आणि निर्णय केव्हाच होऊन गेलेला असेल.