मुखपृष्ठ आणि मजकूर

मुखपृष्ठ हे पुस्तकाच्या दारावरचे तोरण, की पुस्तकाचा चेहरा? तोरण कोणत्याही दाराला शोभते. चेहरा ज्याचा त्यालाच.

दीनानाथ दलालांनी (१९१६–१९७१) १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केले आणि चित्रकाराचा कुंचला मराठी घरांत नेला. त्यांच्या चित्रांत रेषा आधी बोले, रंग तिच्या मागून येई. पुढे बाळ ठाकूरांनी मोजक्या रेषांतही मुखपृष्ठ उभे करून दाखवले.

आता चिकटकामाची हौस वाढली आहे. नवी मुंबईतल्या माझ्या वर्गातली मुले आपापल्या हस्तलिखितावर लेस, टिकल्या, सुकी पाने, सोनेरी कागद असे हाताला लागेल ते डकवतात. वही फुगते; मिटता मिटत नाही. यंदा खाडीकाठच्या गावातल्या एका मुलीने मात्र निळ्या शाईचा एक हात फिरवून त्यावर जुन्या जाळ्याचा तुकडा तेवढा डकवला होता. ‘अपुरे’ असा शेरा मारून मी वही उघडली. आत आजोबांनी होडी विकली त्या दिवसाची हकीकत होती. ते जाळे रिकामे का, हे तेव्हा उमगले, आणि माझा शेरा मीच खोडला.

साहित्य किती लावले, यावर मुखपृष्ठाची किंमत ठरत नाही. मजकुराशी त्याचे नाते काय, ते पाहावे. वाचकहो, यंदाचा अंक वाचून झाला, की मिटून मुखपृष्ठ पुन्हा एकदा न्याहाळा. चेहरा ओळखीचा वाटला, तर चित्रकाराचे काम झाले म्हणायचे.