वादळ सूर्याचे, वाट जमिनीची

सौर वादळांवरचा लोकप्रिय लेख उघडला की कॅनडातील क्विबेक प्रांताची गोष्ट बहुधा भेटतेच. सूर्यावर उद्रेक झाला, भारित कण पृथ्वीवर आदळले आणि १३ मार्च १९८९ रोजी सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊ तास गेली. गोष्ट खरी आहे. पण तिच्या मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात. त्यामुळे कणांनीच तारा निकामी केल्या, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. आमचा आक्षेप आहे तो या गाळण्याला, कारण गाळलेला भाग नेमका शाळेत शिकवला जाणारा आहे.

ते कण वातावरणात वरच अडतात, तारांपर्यंत पोहोचत नाहीत. मात्र सुमारे १०० किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या विद्युतधारा वादळात झपाट्याने बदलतात आणि त्यांच्याबरोबर जमिनीवरचे चुंबकीय क्षेत्रही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युत क्षेत्र निर्माण होते, हा फॅरडेचा नियम. इथे ते जमिनीत निर्माण होते. मोठ्या वादळातही ते दर किलोमीटरला काही व्होल्ट इतकेच असते. पण वाहिनी शेकडो किलोमीटर लांब असली की बेरीज मोठी होते. रोहित्रांना जमिनीशी जोडणाऱ्या तारेतून मंद बदलणारी धारा आत शिरते व रोहित्राचा लोखंडी गाभा संपृक्त होतो. त्यामुळे प्रत्यावर्ती धारेचा आकार बिघडतो. क्विबेकमध्ये यामुळे व्होल्टता सावरणारी उपकरणे बंद पडली आणि सुमारे दीड मिनिटात सारे जाळे कोसळले.

दुसरा आक्षेप मापनाबद्दल. वादळाची तीव्रता ० ते ९ या केपी निर्देशांकाने सांगून लेख थांबतात. हा निर्देशांक साऱ्या पृथ्वीसाठी एकच. पायाखालचा खडक मात्र जागोजागी वेगळा. क्विबेकखालचा प्राचीन, कठीण खडक विजेचा मंदवाहक आहे. अशा ठिकाणी तेवढ्याच चुंबकीय बदलाने विद्युत क्षेत्र अधिक तीव्र होते. म्हणून ते जमिनीतच मोजावे लागते. ब्रिटनमधील लर्विक, एस्कडेलम्युर व हार्टलँड या वेधशाळांत तसे मोजले गेले आहे. रीत सोपी: दोन विद्युतअग्रे काही अंतरावर पुरायची, त्यांच्यातील विभवांतर मोजायचे आणि अंतराने भागायचे. एक जोडी दक्षिणोत्तर, दुसरी पूर्व-पश्चिम.

अडचण असते ती माणसाने जमिनीत सोडलेल्या विजेची. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला गेली, ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणूनच.

क्विबेकची गोष्ट वर्गात जरूर सांगावी. पण सांगताना मध्येच थांबून विचारावे: कण तर वरच अडले, मग रोहित्रात धारा आली कुठून? फॅरडेचा नियम शिकलेला विद्यार्थी उत्तरापर्यंत स्वतः पोहोचू शकतो. लेखकांनी त्याची ही संधी हिरावून घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.